पुडीवरची चिठ्ठी

मराठी घरातून परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत कपडे कमी आणि पुड्या जास्त असतात. माझ्याही होत्या. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की नावाच्या गावात पीएचडीसाठी आलो, तेव्हा आईने दिलेल्या सामानातल्या दोन पिशव्या शेवटपर्यंत उरल्या होत्या. दोन्हींत पीठ. रंग तोच, वासही जवळजवळ तोच. एक थालीपीठाची भाजणी आणि दुसरी चकलीची. कुठली कोणती, हे लिहायचं आई विसरली होती. फोन केला तर म्हणाली, "अरे, बघून कळतं की!" तिला कळतं. मला नाही कळलं. त्या रविवारी मी चकलीच्या भाजणीची थालीपिठं लावली आणि आठवडाभर माझा रूममेट मला त्याबद्दल टोमणे मारत राहिला.

हे आठवायचं कारण असं की, पुढे दोन-तीन वर्षांनी माझ्या संशोधनात हीच चूक मी पुन्हा केली. तेव्हा मात्र प्रकरण थालीपिठावर भागणारं नव्हतं.

झालं असं. आमच्या लॅबमध्ये कार्बन फायबरच्या पट्ट्यांवर काम चालायचं. विमानांच्या भागांत वापरतात तसल्या पट्ट्या. त्यांना एका बाजूला लहानशी खाच पाडायची, मग यंत्रात धरून लाखो वेळा ताणायचं आणि सोडायचं. भेग जिथे वाढते तिथे पट्टी किंचित तापते. ते तापणं इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपायचं. माझ्या आधी, १९९० च्या दशकात, एका विद्यार्थ्याने हाच प्रयोग केला होता. त्याच्या जुन्या पट्ट्यांची माझ्या नव्या पट्ट्यांशी तुलना करणं हा माझ्या प्रबंधाचा एक मोठा भाग होता. त्या पट्ट्या केव्हाच मोडून भंगारात गेल्या होत्या. विद्यार्थ्याचा पत्ता लागत नव्हता. उरली होती एक डीव्हीडी, तिच्यावर चारेकशे फाईली. प्रत्येक फाईल बरोबर १,३१,०७२ बाईटची. नावं 'ए-००१', 'ए-००२' अशी. सोबत एकही चिठ्ठी नाही.

मी मॅटलॅब उघडलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मॅटलॅब म्हणजे आकड्यांचे मोठमोठे तक्ते हाताळण्याचं सॉफ्टवेअर. इंजिनिअरिंगच्या जगात ते सगळीकडे असतं. फाईल वाचली, चित्र काढायला सांगितलं. पडद्यावर काय आलं? लहानपणी दूरदर्शनचा अँटेना वाऱ्याने फिरला की टीव्हीवर यायच्या त्या मुंग्या!

तुम्ही म्हणाल, फाईल बिघडली असेल. नव्हती. फाईल धडधाकट होती. वाचायची कशी, ते मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

आपण मोबाईलवर फोटो उघडतो तेव्हा हा प्रश्न येत नाही, कारण त्या फाईलच्या सुरुवातीला काही माहिती दडलेली असते. चित्र किती रुंद, किती उंच, रंग कसे लिहिलेत, वगैरे. तिला हेडर म्हणतात. माझ्या फाईलींना हेडरच नव्हतं. पहिल्या बाईटपासून शेवटच्या बाईटपर्यंत निव्वळ आकडे. अशा फाईलीचं चित्र करायचं तर चार प्रश्नांची उत्तरं हवीत. ओळी किती आणि स्तंभ किती? प्रत्येक आकडा किती बाईटचा? आकड्याचं कोणतं टोक आधी लिहिलंय? आणि आकडे ओळीमागून ओळ असे लिहिलेत, की स्तंभामागून स्तंभ?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अंदाजाने निघाली. २५६ गुणिले २५६ गुणिले २ म्हणजे बरोबर १,३१,०७२. म्हणजे २५६ ओळी, २५६ स्तंभ आणि प्रत्येक आकड्याला दोन बाईट. त्या काळच्या कॅमेऱ्यांना शोभेल असंच माप होतं. तरीही मुंग्या जाईनात. कारण तिसरा प्रश्न.

हा तिसरा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगणं सोपं आहे. आपण २५ लिहिताना आधी दोन लिहितो, मग पाच. पण बोलताना 'पंचवीस' म्हणतो. आधी पाच, मग वीस. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? जुन्या शिलालेखांत आणि पोथ्यांत भूतसंख्या नावाची पद्धत आहे, तिच्यात अंकांऐवजी शब्द वापरतात. वेद म्हणजे चार, नेत्र म्हणजे दोन. 'वेदनेत्र' असं लिहिलं तर ते चोवीस, कारण तिथे एकक आधी येतो. ज्याला हा संकेत ठाऊक नाही तो बेचाळीस वाचणार आणि लेखाचं साल चुकवणार.

संगणकातही नेमकं हेच. दोन बाईटच्या आकड्यात मोठं टोक आधी लिहायचं की लहान, यावर यंत्रं बनवणाऱ्यांचं कधीच एकमत नव्हतं. आयबीएमची मोठी यंत्रं मोठं टोक आधी लिहायची, डेक कंपनीची व्हॅक्स यंत्रं लहान टोक आधी. पुढे सन कंपनीच्या वर्कस्टेशनांनी पहिला पंथ धरला, इंटेलने दुसरा. १९८० साली डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १ एप्रिलची तारीख टाकून या भांडणावर एक टिपण लिहिलं आणि दोन्ही पंथांना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' अशी नावं दिली. नावं उचलली होती जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' मधून. त्यात लिलिपुटचे लोक उकडलेलं अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून लढाया करतात! कोहेनचं म्हणणं साधं होतं. कुठलं टोक आधी हे महत्त्वाचं नाही, सगळ्यांनी एकच ठरवणं महत्त्वाचं. अर्थात सगळ्यांनी ऐकलं नाहीच.

माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने फाईली लिहिल्या होत्या सन वर्कस्टेशनवर, आणि मी वाचत होतो इंटेलच्या संगणकावर. उदाहरणच घ्या. ३०० हा आकडा दोन बाईटमध्ये १ आणि ४४ असा लिहितात, कारण १ गुणिले २५६ अधिक ४४ म्हणजे ३००. तेच बाईट उलट्या क्रमाने वाचले की होतात ४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ११,२६५. शेजारचा ठिपका ३०१ असेल, तर तो होतो ११,५२१. मुळात एकाचा फरक, वाचताना २५६ चा! म्हणून मुंग्या. मॅटलॅबला 'मोठं टोक आधी' असं सांगितलं आणि एका झटक्यात पडद्यावर स्वच्छ चित्र आलं. पट्टी, तिची खाच, खाचेच्या टोकाशी तापलेला पिवळा ठिपका. मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चौथा प्रश्न राहिलाच होता आणि तो राहिलाय हे माझ्या गावीही नव्हतं.

पुढचे दोन महिने मी त्या चित्रांवर काम केलं. निष्कर्ष थरारक होता. एरवी भेग ताणाच्या आडव्या दिशेने वाढते. कापड दोन्ही हातांनी ओढलं की ते मध्ये आडवं फाटतं, तसं. या जुन्या पट्ट्यांत मात्र भेग ताणाच्या दिशेनेच वाढताना दिसत होती. काहीतरी नवीन सापडलंय अशा खुशीत मी गटाच्या बैठकीत स्लाईडी दाखवल्या. माझ्या प्रोफेसरबाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "खाच कुठल्या बाजूला होती?"

"वरच्या," मी म्हणालो.

"कशावरून?"

चित्रात दिसतेय की, हे उत्तर मी दिलं आणि देतानाच पोटात गोळा आला.

कपाटाच्या तळाशी त्या विद्यार्थ्याची प्रयोगवही सापडली. पहिल्याच पानावर पेन्सिलीने काढलेली पट्टी. खाच डाव्या बाजूला, आणि ताण वर-खाली. म्हणजे माझी सगळी चित्रं आडवी-उभी अदलाबदल झालेली होती. चित्र चौकोनी, २५६ बाय २५६, त्यामुळे फिरलेलं कळायला काही मार्गच नव्हता. आयताकृती असतं तर लगेच तिरपागडं दिसलं असतं. माझा 'शोध' गेला. ती वही कपाटात नसती, तर तो छापून आला असता. पट्ट्या शिल्लक नव्हत्या, तेव्हा खोटा ठरवायला पुन्हा प्रयोगही करता आला नसता.

दोष मॅटलॅबचा नव्हता. मी सांगितलं तसंच त्याने केलं. पण ते आकडे स्तंभामागून स्तंभ का भरतं, याचा शोध घेताना मला समजलं की या गोष्टीचं मूळ माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

१९७० च्या दशकात क्लीव्ह मोलर नावाचे गणिताचे प्राध्यापक याच अल्बुकर्कीत, युनिव्हर्सिटी ऑफ न्यू मेक्सिकोमध्ये शिकवत होते. मॅट्रिक्सची गणितं सोडवणाऱ्या आइसपॅक आणि लिनपॅक या प्रोग्रॅमसंचांच्या कामात ते होते. विद्यार्थ्यांना हे संच वापरायचे तर फोर्ट्रान भाषेत प्रोग्रॅम लिहावे लागत. तो त्रास वाचावा म्हणून मोलर यांनी दशकाच्या अखेरीस एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं, तेच पहिलं मॅटलॅब. त्यात नावं आणि आज्ञा मिळून जेमतेम ७१ शब्द होते. त्यातले दोन, 'सेव्ह' आणि 'लोड', आजही तसेच आहेत. १९८४ साली जॅक लिटल आणि सहकाऱ्यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिलं आणि कंपनी काढली. भाषा बदलली, पण सवय राहिली. १९५७ साली आलेली फोर्ट्रान भाषा तक्ता स्तंभामागून स्तंभ असा साठवते. सी भाषा ओळीमागून ओळ साठवते. मॅटलॅब सीमध्ये गेलं तरी त्याने फोर्ट्रानचीच रीत ठेवली. माझ्या फाईली कॅमेऱ्याच्या सीमधल्या प्रोग्रॅमने लिहिल्या होत्या. झाला घोटाळा.

गंमत म्हणजे मॅटलॅबच्या स्वतःच्या जुन्या फाईलींना हेडर आहे, आणि त्यात या सगळ्या भांडणांचे अवशेष आहेत. १९८० च्या दशकातल्या मॅट फाईलीचा पहिलाच आकडा सांगतो की ही कुठल्या यंत्रावर लिहिली. शून्य म्हणजे लहान टोक आधी, एक म्हणजे मोठं टोक आधी, दोन आणि तीन म्हणजे व्हॅक्सच्या दोन तऱ्हा, चार म्हणजे क्रे महासंगणक. पुढच्या पिढीच्या मॅट फाईलीत याहून सुंदर युक्ती केली. १२८ बाईटच्या हेडरच्या शेवटी 'एम' आणि 'आय' ही दोन अक्षरं मिळून एक आकडा म्हणून लिहायची. वाचताना 'एमआय' दिसलं तर ठीक. 'आयएम' दिसलं, तर समजायचं की फाईल दुसऱ्या पंथाची आहे, प्रत्येक आकडा उलटून घ्या.

पण हे झालं एका सॉफ्टवेअरचं घरगुती बोलणं. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळी यंत्रं, आणि दोघांनाही ठाऊक नाही की वीस वर्षांनी फाईल कोण उघडणार आहे, तेव्हा काय करायचं? या प्रश्नाला ज्यांनी पहिल्यांदा नीट हात घातला ते खगोलशास्त्रज्ञ होते.

त्याआधीचं जग कसं होतं त्याचं एक चित्र माझ्या मनात कायम आहे. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याने २१ पूर्ण चित्रं आणि बाविसाव्याचा थोडा भाग पाठवला. प्रत्येक चित्र २०० बाय २०० ठिपक्यांचं, प्रत्येक ठिपक्याला सहा बिट, म्हणजे ६४ छटा. पाठवण्याचा वेग सेकंदाला आठ बिटांच्या किंचित वर. एका चित्राला आठ तास! कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत इंजिनिअरांना दम धरवेना. संगणक चित्र तयार करेपर्यंत थांबण्याऐवजी त्यांनी आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, त्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि चित्रकलेच्या दुकानातून खडू आणून आकड्याप्रमाणे रंग भरले. दुसऱ्या ग्रहाच्या जवळून घेतलेलं पहिलं डिजिटल चित्र माणसाने हाताने रंगवून काढलं. ते जमलं, कारण एका ओळीत किती आकडे आणि कोणता आकडा उजेडाचा, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. हेडर त्यांच्या डोक्यात होतं.

१९७० च्या दशकाच्या शेवटी ही डोक्यातली हेडरं पुरेनाशी झाली. एका वेधशाळेत काढलेलं चित्र चुंबकीय टेपवर घालून दुसरीकडे नेलं की तिथे वाचता यायचं नाही. प्रत्येक जोडीसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागे. १९७९ च्या मार्च महिन्यात अॅरिझोनातल्या किट पीक वेधशाळेचे डॉन वेल्स आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेचे एरिक ग्राइसन यांनी बसून एका सामायिक फाईलीचा गाभा ठरवला. वेल्स यांच्याकडे सीडीसी कंपनीचं ६० बिटांचं यंत्र, ग्राइसन यांच्याकडे आयबीएमचं ३२ बिटांचं. अक्षरं लिहायची रीतसुद्धा निराळी. नेदरलँड्समधले रॉन हार्टन सामील झाले आणि १९८१ साली त्यांचा लेख छापून आला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ही पद्धत उचलून धरली. नाव फिट्स. त्या आद्याक्षरांचा अर्थ मराठीत सांगायचा तर 'लवचिक चित्र वाहतूक व्यवस्था'. नाव आपल्या एसटी महामंडळाला शोभेलसं आहे, आणि गाडी तितकीच चिवट निघाली.

फिट्स फाईलीच्या सुरुवातीला साधा मजकूर असतो. कुठल्याही विशेष प्रोग्रॅमशिवाय माणसाला डोळ्यांनी वाचता येईल असा. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, कारण त्या काळच्या पंचकार्डावर ८० अक्षरं मावत. पहिली ओळ सांगते की ही फिट्स फाईल आहे. दुसरी सांगते प्रत्येक आकडा किती बिटांचा. मग किती मिती आणि प्रत्येक मितीत किती ठिपके. शेवटी 'एंड'. कुठलं टोक आधी? मोठं, कायम मोठं, नियमच तसा. आकड्यांचा क्रम? पहिली मिती सर्वांत भराभर बदलते, तोही नियम. माझे चारही प्रश्न १९७९ सालीच सुटले होते!

अशा ३६ ओळींचा एक ठोकळा होतो, म्हणजे २,८८० बाईट. हा आकडा उगीच निवडला नाही. २,८८० बाईट म्हणजे २३,०४० बिट. या संख्येला ८, १६, १८, २४, ३२, ३६, ४८, ६० आणि ६४ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. त्या काळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत एका शब्दाची लांबी हीच असायची. कुणाच्याही यंत्रात ठोकळा अर्धवट तुटू नये, ही त्यामागची कळकळ. ती यंत्रं आज संग्रहालयात आहेत, ठोकळा मात्र अजून २,८८० बाईटचाच आहे.

फिट्सवाल्यांचा एक दंडक पुढे म्हणीसारखा झाला: एकदा जी फिट्स झाली ती कायम फिट्स. नियम वाढवायचे, पण जुनी फाईल बाद होईल असा बदल कधीही करायचा नाही. याची किंमतही मोजावी लागली. शीर्षकाच्या शब्दाला आठच अक्षरं मिळतात, म्हणून इंग्रजी 'टेलिस्कोप' या शब्दाचं शेवटचं अक्षर गेली चाळीसेक वर्षं कापलेलंच आहे. तारखेत सालाचे दोनच अंक असत. २००० साल जवळ आलं तेव्हा, १९९७ मध्ये, चार अंकी सालाचा नवा नियम ठरला. पण दोन अंकी जुन्या तारखा बाद केल्या नाहीत. त्या विसाव्या शतकातल्या समजून आजही वाचल्या जातात. खुद्द खगोलशास्त्रज्ञांनीच फिट्सच्या मर्यादांवर बरंच लिहिलंय. प्रचंड मोठ्या डेटासाठी नवे फॉरमॅट आले, काही प्रकल्पांनी ते घेतलेही. तरी २०२२ पासून जेम्स वेब दुर्बिणीची जी निरीक्षणं संशोधकांच्या हाती पडताहेत, ती फिट्समध्येच. आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या हजारो हस्तलिखितांची चित्रं दीर्घकाळ टिकावीत म्हणून निवडली तीही फिट्सच.

चिठ्ठी नसली तर काय होतं, याचं माझ्या पट्ट्यांपेक्षा गंभीर उदाहरण मेंदूच्या संशोधनातलं आहे. मेयो क्लिनिकमधून आलेला 'अॅनालाइझ' नावाचा चित्रांचा फॉरमॅट १९९० च्या दशकात फार वापरात होता. त्याला ३४८ बाईटचं हेडर होतं. पण चित्रातली डावी बाजू ही रुग्णाची डावी की उजवी, हे त्यात खात्रीने समजत नसे. क्ष-किरणतज्ज्ञांची रीत अशी की रुग्ण समोर उभा आहे असं मानायचं, म्हणजे त्याची डावी बाजू चित्रात उजवीकडे. दुसऱ्या गटाची रीत बरोबर उलट. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाईल नेली की मेंदूची डावी बाजू केव्हा उजवी होईल याचा नेम नसे, आणि मेंदू दोन्हीकडे जवळजवळ सारखाच दिसतो, माझ्या चौकोनी चित्रासारखाच! म्हणून कितीतरी संशोधक माणसाला एमआरआय यंत्रात घालण्यापूर्वी त्याच्या डोक्याच्या एका बाजूला ई जीवनसत्त्वाची गोळी चिकटपट्टीने लावत. गोळीतलं तेल चित्रात लख्ख चमकतं. ती बाजू कोणती, हे मग वहीत लिहून ठेवायचं. पुढे २००३-०४ च्या सुमारास 'निफ्टी' नावाचा नवा फॉरमॅट आला आणि त्याच ३४८ बाईटमध्ये दिशेची नोंद करायची सोय झाली. कोट्यवधींच्या यंत्रापुढे औषधाच्या दुकानातली गोळी, आणि सत्य त्या गोळीला ठाऊक!

असो. पीएचडीच्या शेवटच्या वर्षी मी व्हेरी लार्ज अॅरे पाहायला गेलो. अल्बुकर्कीहून दक्षिणेला सोकोरो, तिथून पश्चिमेला ऐंशीएक किलोमीटर. वाटेत गुरं आणि गवत सोडून काही नाही. मग एकदम पठारावर पांढऱ्याशुभ्र २७ तबकड्या, प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन रांगांत. ग्राइसन यांची वेधशाळा ती हीच. त्यांना फिट्सची घाई झाली होती ती बऱ्याच अंशी या दुर्बिणीमुळे.

ते दृश्य बघताना मला पुणे-नाशिक रस्ता आठवला. नारायणगावहून आत वळलं की खोडदला आपली जीएमआरटी आहे. ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, त्याही वाय आकारात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती आणि तेव्हा माझं सगळं लक्ष डब्यातल्या गुळाच्या पोळीकडे होतं! मोठेपणी कळलं की तिथला डेटा आधी दुर्बिणीच्या स्वतःच्या 'एलटीए' नावाच्या फॉरमॅटमध्ये नोंदला जात असे. मग 'जीव्हीफिट्स' नावाच्या प्रोग्रॅमने त्याचं फिट्समध्ये रूपांतर करायचं आणि पुढे 'एप्स' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडायचा. हे एप्स अमेरिकेत ज्यांच्या हातून घडलं, त्यांतलं एक प्रमुख नाव म्हणजे तेच, एरिक ग्राइसन. जुन्नर तालुक्यातल्या ज्वारी-द्राक्षांच्या शेतांमधून निघालेले आकडे जगात कुठेही वाचता येतात, ते १९७९ साली दोन माणसांनी ६० बिटांच्या आणि ३२ बिटांच्या यंत्रांचा झगडा मिटवला म्हणून. जीएमआरटी तेव्हा कागदावरही नव्हती. कोण वाचणार हे ठाऊक नसताना लिहायचं, ते असं.

माझ्या त्या चारशे फाईलींचं पुढे काय झालं, तेही सांगतो. सगळ्या योग्य दिशेने फिरवल्या, पुन्हा गणित केलं. भेग जशी वाढायला हवी तशीच वाढत होती, आडवी. प्रबंधात त्या प्रकरणाची पानं कमी झाली आणि ती खरी झाली. मग एक आठवडा खर्चून प्रत्येक फाईलीला हेडर लावलं. ओळी, स्तंभ, बाईट, टोक, क्रम, तारीख, कॅमेरा, आणि खाच डाव्या बाजूला. शेवटच्या ओळीत प्रयोगवहीचा क्रमांक आणि ती कुठल्या कपाटात आहे ते. ज्याने पेन्सिलीने ती पट्टी काढली होती त्याचं नावही घातलं. त्याने एवढं केलं नसतं तर मी एक खोटी गोष्ट माझ्या नावावर छापून मोकळा झालो असतो.

आता नोकरीत नवीन मुलं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. त्यांना ते कंटाळवाणं वाटतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मलाही तेव्हा वाटलं असतं.

आई मात्र सुधारली आहे. यंदा आलेल्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी होती. 'थालीपीठ भाजणी. दळलेली तारीख १२ मार्च. तिखट घातलेलं नाही.' खाली, माझ्या स्वभावाचा अंदाज असल्यामुळे, आणखी एक ओळ होती. 'आधी चिठ्ठी वाच, मग पिशवी फोड.'